आधी ब्लॅक पँथर वाचू की माइलस्टोन?

काळ्या सुपरहिरोंची कॉमिक्स वाचायला घ्यायची तर दोन वाटा, मार्व्हल कंपनीचा ब्लॅक पँथर किंवा माइलस्टोन कंपनीची कॉमिक्स. पँथरचा पिक्चर बघून कॉमिक्सकडे वळलेले बहुतेक जण थेट ब्लॅक पँथर मागतात. चुकीचं काही नाही, पण कुठला पँथर ते आधी ठरवा. १९६६ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बीने त्याला 'फँटॅस्टिक फोर' या मार्व्हलच्याच सिरीजच्या ५२व्या अंकात आणला, म्हणजे मोठ्या अमेरिकन कंपनीचा पहिला काळा सुपरहिरो आणि तो थेट राजा, टेक्नॉलॉजीत सगळ्यांच्या पुढे. भारीच. पण नंतर बरीच वर्षं तो दुसऱ्यांच्या अंकात पाहुणा. त्याची स्वतःची मोठी गोष्ट आली १९७३ पासून, तीही 'जंगल अ‍ॅक्शन' नावाच्या सिरीजमध्ये (नाव बघा म्हणजे!). डॉन मॅकग्रेगरची ही 'पँथर्स रेज' जवळजवळ पूर्ण वाकांडात, म्हणजे पँथरच्या काल्पनिक आफ्रिकन देशात घडते, पात्रं बहुतेक सगळी काळी, पिक्चरमधला खलनायक किलमाँगरही इथलाच. बरीचशी चित्रं बिली ग्रॅहमची, तो स्वतः काळा, लेखक मात्र गोरा. चित्रं अजून मस्त वाटतात, पण मजकूर इतका ठासून भरलाय की दमायला होतं. पुढे पँथरला क्लू क्लक्स क्लान या अमेरिकेतल्या गोऱ्या वंशद्वेष्ट्या संघटनेसमोर उभं केलं आणि ती गोष्ट संपायच्या आत १९७६ मध्ये सिरीज बंद.

म्हणून पँथरच हवा असेल तर १९९८ पासूनचा ख्रिस्तोफर प्रीस्टचा घ्या. गोष्ट सांगतो एव्हरेट रॉस, अमेरिकन सरकारचा गोरा कर्मचारी, जो सतत भांबावलेला असतो आणि प्रसंग मागेपुढे करत सांगतो, त्यामुळे सुरुवातीला डोकं गरगरतं पण हसू येतं, आणि राजा काय शिजवतोय हे वाचकालाही शेवटपर्यंत कळत नाही.

आता माइलस्टोन. १९९३ मध्ये ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन, मायकल डेव्हिस आणि डेरेक डिंगल या काळ्या मंडळींनी स्वतःची कंपनी काढली, छपाई-वितरण डीसीचं (सुपरमॅन-बॅटमॅनवाली कंपनी) पण पात्रांची मालकी आणि लिखाणावरचा शेवटचा शब्द यांचा. माझ्या मते खरा फरक इथेच पडतो. पँथर एकटा सगळ्या समाजाचं ओझं वाहतो, माइलस्टोनमध्ये काळी माणसं एकमेकांशी भांडू शकतात. 'आयकॉन' बघा ना, १८३९ मध्ये एक परग्रहवासी अमेरिकेच्या दक्षिणेत पडतो, गुलाम बाईला सापडतो, आज तो श्रीमंत वकील आहे आणि विचारांनी पक्का कॉन्झर्व्हेटिव्ह, स्वतःच्या हिमतीवर वर या म्हणणारा. त्याला हिरो व्हायला लावते गरीब वस्तीतली रकेल, जी पोरांबरोबर त्याच्याच घरात चोरी करायला घुसलेली असते, आणि पुढे ती कुमारी माता होते तो ट्रॅकही लेक्चर न झाडता येतो. दोघांचे वाद वाचताना कधी याचं पटतं कधी तिचं. तोटा एकच, १९९७ पर्यंत कंपनीचं कॉमिक्स छापणं थांबलं, त्यामुळे पँथरइतका साठा इथे मिळणार नाही.

आणि मार्व्हलचा दुसरा काळा हिरो ल्यूक केज? १९७२ चे अंक त्या वेळच्या ब्लॅक्सप्लॉयटेशन, म्हणजे काळ्या नायकांच्या मारधाडीच्या स्वस्त सिनेमांच्या लाटेवर आलेले, काळ्या हिरोच्या नावाने मार्व्हलने काढलेली पहिली सिरीज म्हणून दोन-चार चाळा, बास.

एकच घ्यायचं असेल तर आयकॉन, राजकारण आणि डावपेच आवडत असतील तर प्रीस्ट. घरात शाळेतलं पोरगं असेल तर मात्र माइलस्टोनच्याच 'स्टॅटिक'पासून सुरू करा, त्याचा हिरो व्हर्जिल हॉकिन्स शाळकरीच आहे, आणि वाचायचा कंटाळा केला तर २००० साली सुरू झालेलं त्याचं कार्टून लावून द्या.