पेटीबंद क्रँकच्या नावाखाली २८,५५० रुपयांची फसवणूक

जुन्या टू-स्ट्रोक येझदी मोटारसायकलचे इंजिन घरी उतरवून बांधणाऱ्यांना वेगळे सांगायला नको की, म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडल्यापासून मूळ सुटे भाग म्हणजे कुणाच्या तरी दुकानाच्या माळ्यावर पडून राहिलेला साठा. तो नाही मिळाला तर नक्कल. आता याच नावाने नव्याने निघालेल्या गाड्या फोर-स्ट्रोक असल्यामुळे त्यांचा एक नटही आपल्या इंजिनाला उपयोगी पडेल असे नाही. या टंचाईवर पोट भरणाऱ्या एका विक्रेत्याने माझ्याकडून एकूण २८,५५० रुपये काढले. क्रँकचे (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा) १८,५००, सिलिंडर-पिस्टन संचाचे ९,२०० आणि ट्रान्सपोर्टचे ८५०. त्यांपैकी १०,००० आगाऊ आणि उरलेले माल निघण्यापूर्वी, सर्व यूपीआयने.

स्वस्ताच्या मोहाने गेलो, असे कृपया कुणी म्हणू नये, कारण हा व्यवहार स्वस्त नव्हताच. बिग एंड बेअरिंग, म्हणजे क्रँकच्या पिनवरचे बेअरिंग, गेले असते तर नवा कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) संच आणून, टर्नरकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, क्रँक प्रेसवर उघडून, पुन्हा जुळवून घेतला असता. आजवर तसेच केले आहे. पण माझ्या क्रँकच्या दोन्ही चकत्यांमधली पिनची भोके सैल झाली होती. अशा भोकात नवी पिन धरत नाही, आणि पिनेला वेल्डिंगचे टाके मारून गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे पुढच्या घाटात इंजिन फोडून घेणे. म्हणून अख्खा नवा क्रँक शोधत होतो.

विक्रेता अडाणी असता तर मी लगेच सावध झालो असतो. त्याने मलाच विचारले की बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ मिलिमीटरचा मूळ आहे की झिजलेला सिलिंडर कापून ओव्हरसाइज, म्हणजे वाढीव मापाचा, पिस्टन बसवलेला आहे, क्रँकबरोबर दोन्ही ऑइल सील बदलायचे विसरू नका असे बजावले, आणि चूक कुठे होते तेही अचूक सांगितले. जो माणूस इंजिनाबद्दल इतके नेमके बोलतो तो भामटा असेल, अशी शंका कुणाला येईल? तेव्हा ध्यानात ठेवा, या धंद्यातला ठग हा बहुधा चांगला मेकॅनिकच असतो.

आता ज्या गोष्टीचा विचार मनातून जात नाही ती सांगतो. त्याने खोक्याच्या लेबलाचे छायाचित्र पाठवले होते. पिवळट पुठ्ठा, कडा झिजलेल्या, वर भाग क्रमांक. तो क्रमांक माझ्याजवळच्या जुन्या पार्ट्स बुकातल्या क्रमांकाशी जुळतो का हे पाहण्यासाठी मी ते चित्र मोठे करून एकेक आकडा तपासला, आणि तो जुळलाही. त्याच्याच खाली, बोटभर अंतरावर, छापलेले होते: ‘किंमत जीएसटीसह’. जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ रोजी. त्याच्या एकवीस वर्षे आधी बंद पडलेल्या कारखान्याच्या खोक्यावर तो कर कुठून आला? ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती, मोठी करून पाहिलेली होती, आणि माझे सगळे लक्ष वरच्या आकड्यांवर होते. भाग क्रमांक कुणीही छापू शकतो. लेबलावरचे बाकीचे सगळे आधी वाचा.

माल आला तो वजनदार, ग्रीस लावलेला, मेणकागदात गुंडाळलेला. पिनच्या भोवती चंदेरी रंग दिसला तेव्हा टर्नरने थिनरचे फडके फिरवले आणि खालून घासून सपाट केलेले वेल्डिंगचे टाके वर आले. लेथवर सेंटरमध्ये धरून डायल गेज (फिरताना किती वाकडे जाते ते काट्यावर दाखवणारे माप) लावले, तर जिथे हिशेब मिलिमीटरच्या शतांश भागांत चालतो तिथे काटा ०.३० मिलिमीटरपर्यंत गेला. सिलिंडरची गत याहून वाईट होती. पिस्टनवर मूळ मापाचा शिक्का, आणि बोअर मात्र ६५.५०, म्हणजे दुसऱ्या ओव्हरसाइजला कापलेला. पिस्टनची रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) तिच्या तोंडाची फट मोजली; ती पाव मिलिमीटरच्या आसपास हवी, येथे दीड मिलिमीटरहून अधिक निघाली. (हे मोजमाप खोके उघडताक्षणी, सलग चित्रीकरण चालू ठेवून करा. माझे चित्रीकरण खोके उघडण्यापर्यंतच आहे.)

खरी चीड पुढे आहे. विक्रेत्याने काहीच पाठवले नसते तर माझी तक्रार सरळ होती. त्याने भंगार पाठवले, आणि तीच त्याची ढाल झाली. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘माल मिळाला ना?’ मिळाला म्हटल्यावर, मग ही दिवाणी बाब, ग्राहक मंचात जा. भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ चा उल्लेख केला तर समोरचे गृहस्थ हसले. खाते परराज्यातले असल्यामुळे तिकडे तक्रार करा, असेही सुचवण्यात आले. वास्तविक दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता नोंदवून घ्यावी, असे नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला, आणि ती फिरून त्याच ठाण्याच्या त्याच टेबलावर आली. बँकेचे उत्तर एका ओळीचे होते: यूपीआय पिन तुम्हीच टाकला आहे. पिन मी टाकला हे मला माहीत आहे. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याची ओळखपत्रे तुमच्या व्यवस्थेत आहेत, त्यांचे काय, असे विचारले तर ती माहिती केवळ पोलिसांना देता येते. पोलीस ती मागत नाहीत, कारण गुन्हाच नोंदलेला नाही. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातून दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, हे सगळे उत्तम. पण नोटीस बजावायला विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो, आणि पावतीवरचा पत्ता खोटा निघाला. एवढी सगळी कार्यालये मिळून एका माणसाचे घर शोधू शकत नाहीत, आणि मी मात्र प्रत्येक ठिकाणी माझ्या ओळखपत्राची छायांकित प्रत देत फिरतो आहे.

पैसे पाठवण्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर क्रँक हातात धरायला लावा आणि पिनच्या टोकावर थिनर पुसायला सांगा. जो ‘रंग जाईल’ म्हणतो त्याच्याशी पुढे बोलू नका. तसाच पेटीबंद क्रँक, विक्रेत्याचे नाव बदलून, आता २१,००० रुपयांना विक्रीस आहे. ओळखीची खूण सांगतो: छायाचित्रात खोक्याशेजारी तुटक्या टोकाची पोलादी पट्टी ठेवलेली आहे आणि तिचा १५ चा आकडा अर्धा खोडला गेलेला आहे.