द टिली शिलिंग, फार्नबरो: कार्बुरेटरवाल्या बाईंचा पब

बाबांना पबमध्ये न्यायचं तर निमित्त लागतं. इथलं निमित्त सोपं होतं: पाटीवर जिचं नाव आहे तिनं लढाऊ विमानाच्या कार्बुरेटरचा (इंजिनासाठी पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) फॉल्ट काढला होता. तीस वर्षं टू-व्हीलरचं गॅरेज चालवलेला माणूस लगेच बूट घालून तयार.

पब वेदरस्पूनचा, ही इंग्लंडमधली पबची मोठी साखळी. म्हणजे ऑर्डर टेबलावरूनच मोबाइलवर, कॉफीचा मग हवा तितक्यांदा भरून घ्या, आणि गाणी नाहीत. बाबांना कमी ऐकू येतं, तेव्हा हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. फिश अँड चिप्स गरमागरम आले. मटार त्यांनी बाजूला सारले.

खाताखाता मी सुरुवात केली. बिअ‍ॅट्रिस शिलिंग, लाडाचं नाव टिली. १९३६ला इथल्याच रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या विमान-संशोधन संस्थेत लागल्या, १९६९पर्यंत तिथेच. त्याआधी ब्रुकलंड्सच्या रेसिंग ट्रॅकवर नॉर्टन मोटरसायकल ताशी १०६ मैलांनी पळवलेली. (इथे बाबांनी काटा खाली ठेवला.) १९४०मध्ये ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायरनं एकदम नाक खाली घातलं की त्याचं कार्बुरेटरवालं मर्लिन इंजिन गचके खायचं. जर्मन मेसरश्मिट विमानांना कार्बुरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन, ती सुळकन खाली निसटायची.

"अगं, पेट्रोल चेंबरच्या छताला गेलं असणार," बाबांनी रिकामा मग उपडा धरला. "जेट कोरडा. मग फ्लोट उलटा, सुई उघडी, पंप चालूच. गाडी ओव्हर होणार!"

अगदी तेच. आधी उपासमार, मग पूर. बाईंनी पेट्रोलच्या वाटेत पितळेची छोटी टोपी बसवली, मधे भोक. इंजिनाला पूर्ण ताकदीवर लागेल तेवढंच पेट्रोल जाणार, जास्त नाही. पुढे तिची साधी चकती झाली.

"म्हणजे वायसर," बाबा म्हणाले, आणि खूश झाले.

विमान कामातून न काढता बसायचा तो. मार्च १९४१पर्यंत फायटर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ तुकड्यांच्या, विमानांना लागला होता. दुखणं मुळातून गेलं नाही, त्याला पुढे प्रेशर कार्बुरेटर यावा लागला. पण ऐन लढाईत इंजिन बंद पडायचं थांबलं. वैमानिकांनी त्याला चावट नाव ठेवलं, तेही 'मिस शिलिंग' म्हणून. लग्न १९३८लाच झालेलं, पण चौकशी कोण करतो!

तिसऱ्या कॉफीला बाबा स्वतः उठले. भरलेला मग घेऊन परत येताना तो तिरका करून बघत होते. थोडी सांडलीच.