एजियन समुद्राचा भिंतीवरचा नकाशा: आठ महिन्यांनंतर

अथेन्स आणि स्पार्टा या प्राचीन ग्रीक शहरांमधल्या पेलोपोनेशियन युद्धावर वाचताना गावं डोक्यात बसत नव्हती, म्हणून तीन बाय दोन फुटांचा हा लॅमिनेटेड नकाशा घेतला. टेबलासमोरच टांगलाय. छपाई स्वच्छ आहे. ट्यूबलाइट लावली की मधला भाग चकाकतो, आणि पावसाळ्यात खालची कड सुटली.

त्याचा खरा उपयोग कळला तो थासोसपाशी. इ.स.पू. 465 मध्ये हे बेट अथेन्सविरुद्ध उठलं. भांडण समोरच्या थ्रेसच्या किनाऱ्यावरल्या बाजारपेठांचं आणि खाणीचं. या युद्धाचा त्या काळातला इतिहासकार थुसिडिडीस तसं सरळ लिहितो. पुस्तकात हे वाचून मी पुढे गेलो होतो. नकाशावर बेट आणि किनारा यांत बोटाच्या पेराएवढंही पाणी नाही. तिसऱ्या वर्षी थासोस शरण गेलं: तट पाडला, जहाजं दिली, खाण आणि समोरचा किनाराही सोडला. घरासमोरची पेठ गेली!

मेगारा या अथेन्सच्या शेजारच्या शहराचंही तसंच. अथेन्सने मेगाराच्या लोकांना आपल्या साम्राज्यातल्या सगळ्या बंदरांत आणि ॲटिकाच्या (अथेन्सच्या स्वतःच्या प्रदेशाच्या) बाजारात बंदी केली. निसाइया या मेगाराच्या बंदरातून पूर्वेकडे बोट सरकवलं, की जवळपास प्रत्येक धक्का अथेन्सच्या हुकमातला. इ.स.पू. 425 च्या ‘अखार्नियन्स’मध्ये अथेन्सचा नाटककार ॲरिस्टोफेनीस याचा उपाशी मेगारावासी पोटच्या मुली डुकराची पिल्लं म्हणून विकतो, एक लसणाच्या जुडीवर, दुसरी मापभर मिठावर. लसूण आणि मीठ तर मेगाराचाच माल. नाटक विनोदी आहे, पण मला तिथे हसू आलं नाही.

युद्ध फक्त व्यापारापायी झालं असं मी म्हणणार नाही. अथेन्सच्या वाढत्या ताकदीची स्पार्टाला वाटलेली भीती हेच खरं कारण, असं थुसिडिडीस म्हणतो आणि स्पार्टापुरतं ते मला पटतं. पण स्पार्टाला युद्धाला उभं करण्यात त्याचं मित्रशहर कॉरिंथ पुढे होतं, आणि कॉरिंथचं वैर होतं कर्किराशी, म्हणजे ग्रीसच्या पश्चिमेच्या आजच्या कॉर्फू बेटाशी. इटली-सिसिलीकडे जाणारी जहाजं कर्किरावरूनच जायची. इ.स.पू. 433 मध्ये अथेन्सची जहाजं कर्किराच्या बाजूने उतरली.

नकाशाची मोठी उणीव इथेच आहे: डावीकडे तो कॉरिंथच्या थोडा पुढेच संपतो, कर्किरा त्यात नाहीच. मी दुसऱ्या ॲटलासमधल्या पानाची झेरॉक्स काढून डाव्या कडेला टेपने जोडली. कॉरिंथ आता कडेला न राहता मध्यावर येतो, दोन्ही बाजूंना एकेक बंदर घेऊन: पश्चिमेला लेखायॉन, पूर्वेला केंख्रेआय.