सायकल रेस अख्खी बघायची तर सबस्क्रिप्शन घ्याच

हायलाइट्समध्ये फक्त शेवटचा अटॅक (अचानक वेग वाढवून बाकीच्यांना मागे टाकणं) दिसतो, खरी गंमत त्याच्या आधीच्या दोन-तीन तासांत असते आणि त्यासाठीच मी या स्ट्रीमिंग ॲपचे पैसे भरते, कारण यावर टूर द फ्रान्सच्या जुन्या स्टेजेस (एकेका दिवसाचे टप्पे) पूर्ण बघता येतात. 2022 ची 11वी स्टेज लावा, आल्बर्टव्हिल ते कोल द्यू ग्रानों. पोगाचार यलो जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढे, आणि जंबो-विस्मा टीमचे रोग्लिच आणि विंगेगार्ड गालिबिए घाटाच्या आसपास आळीपाळीने अटॅक करतायत, एकाला पकडलं की लगेच दुसरा सुटतो, आणि पोगाचार बिचारा प्रत्येकाच्या मागे स्वतःच पळतोय! तेव्हा तो एकदम फ्रेश वाटतो, पण शेवटच्या चढावर, 2413 मीटर उंचीच्या ग्रानोंवर, विंगेगार्ड सुटला आणि पोगाचारच्या पायात काही उरलंच नव्हतं, त्याची जवळजवळ तीन मिनिटं गेली. हे सगळं सलग बघितल्याशिवाय कळतच नाही हो.

पिक्चर क्वालिटी मस्त, कॉमेंट्री पण जाणकार. राग एकाच गोष्टीचा, ऐन चढावर जाहिरात घुसवतात, आणि रिप्लेच्या थंबनेलवरच जिंकणाऱ्याचा फोटो! एवढं तरी बदला राव. पाचपैकी चार स्टार.