सलाईनची सुई : ठरल्या दिवशी बदलावी की गरज पडल्यावर?

खानापूर-निपाणीकडच्या एखाद्या वॉर्डात एकाच सिस्टरवर सगळा भार असतो, तेव्हा दर 72 ते 96 तासांनी तारीख पाहून सुई बदलणे सोपे पडते, हे मान्य करायला हवे. मात्र ऑस्ट्रेलियातील 3283 रुग्णांच्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिरेला सूज येण्याचे प्रमाण दोन्ही पद्धतींत 7 टक्केच आढळले. म्हणून मला गरजेनुसार बदलणेच योग्य वाटते. आजीबाईंच्या सुरकुतलेल्या हातावर पुन्हा शीर शोधताना होणारे हाल तरी वाचतात. त्यासाठी प्रत्येक पाळीत जागा बोटाने हलके दाबून, ‘आजी, इथं दुखतंय का?’ असे मराठीत किंवा कन्नडमध्ये विचारावे, आणि लाली, सूज वा गळती दिसताच सुई काढून नवी शक्यतो दुसऱ्या हाताला लावावी. घाईगडबडीत, पुरेशा निर्जंतुकीकरणाविना बसवलेली सुई मात्र 48 तासांच्या आत बदलावीच.