रात्री लाईट गेल्यावर ऊब कशी राखायची: एका हिवाळ्याच्या वापरानंतर

आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीकडच्या अंगाला. बेळगाव शहरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १२-१४ अंशांवर येतो. तिथून जंगलाच्या दिशेने निघालं की थंडी वाढतच जाते. आमच्याकडे लाईट जायला पावसाळाच लागतो असं नाही. लाईन झाडीतून येते. कधी फांदी पडते, कधी टीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळतो, आणि रात्री गेलेली लाईट लाइनमन उजाडल्यावर लाईन चालत तपासतो तेव्हाच येते. वीज कंपनीच्या १९१२ या नंबरवर तक्रार नोंदवतो, नोंदवलीच पाहिजे, पण रात्र आपली आपल्यालाच काढायची असते.

घरात सासूबाई आहेत, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, दम्याच्या. शिवाय यंदा धाकट्या वन्सं बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. म्हणून दिवाळीपासूनच मी तयारीला लागले. आता होळी झाली आहे, सगळ्या वस्तू भरपूर वापरून झाल्या आहेत, तेव्हा काय उपयोगी पडलं आणि कशाचा धोका आहे ते सविस्तर लिहिते.

सुरुवात इन्व्हर्टरपासून, कारण बहुतेकांचा पहिला प्रश्न तोच असतो: "इन्व्हर्टर आहे की, मग हीटर लावा." आमचा इन्व्हर्टर ९०० व्हीएचा, बॅटरी १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर. गणित सोपं आहे. १५० गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॉट-अवर. इन्व्हर्टरमधली गळती आणि बॅटरी पूर्ण खाली न उतरवण्याचं पथ्य धरलं तर हाताशी हजार-बाराशेच उरतात. दोन हजार वॉटचा ऑइल हीटर यावर चालूच होणार नाही. आठशे वॉटचा कांडीचा हीटरही ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरला झेपत नाही, कारण इन्व्हर्टर प्रत्यक्षात सातशेच्या आसपासच वॉट देतो. मोठा इन्व्हर्टर घेतला तरी ही बॅटरी तासा-दीड तासात संपेल आणि पहाटे चारला, खऱ्या थंडीच्या वेळी, घरात दिवाही नसेल. लाईट असतानाही रोज तीन तास दोन हजार वॉटचा हीटर लावला तर महिन्याला १८० युनिट होतात. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या 'गृहज्योती' योजनेची २०० युनिटची मर्यादा त्यातच जवळजवळ संपते आणि ती ओलांडली की सगळं बिल भरावं लागतं. म्हणून खोली तापवायचा विचार मी सोडून दिला आणि अंथरुणातल्या माणसाला ऊब कशी मिळेल हे पाहायला लागले. यापुढचं सगळं त्याच विचारातून आलं आहे.

सर्वात जास्त समाधान दिलं ते गादीवर अंथरायच्या इलेक्ट्रिक ब्लँकेटने. एका माणसाचं घेतलं, ६० वॉटचं. रात्रभर आठ तास चाललं तरी ४८० वॉट-अवर, म्हणजे त्याच बॅटरीवर ब्लँकेट आणि दोन एलईडी दिवे आरामात सकाळ गाठतात. सासूबाई झोपायच्या अर्धा तास आधी मोठ्या बटणावर ठेवते, त्या आत शिरल्या की सर्वात कमीवर. पहाटे गुडघे धरल्यामुळे त्यांना उठवत नसे, तो त्रास यंदा बराच कमी झाला. घेताना दोन गोष्टी पाहा. तापमान वाढलं की आपोआप बंद होण्याची सोय हवी आणि इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाईटसारखाच सुरळीत प्रवाह देणारा, हवा. शेजारच्या घरात जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आहे, त्यावर आमचं ब्लँकेट लावून पाहिलं तर कंट्रोलरमधून गुणगुण यायला लागली, लगेच काढलं. ब्लँकेट दुमडून वापरायचं नाही, त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, आणि तान्ह्या बाळाखाली तर कधीच घालायचं नाही. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे त्यांनीही डॉक्टरांना विचारूनच वापरावं, चटका बसलेला त्यांना कळत नाही.

दुसरी वस्तू साधी रबरी पिशवी. दोन लिटर पाणी ७० अंशांवरून ३५ अंशांवर येईपर्यंत साधारण ८० वॉट-अवर उष्णता देतं, म्हणजे ते ब्लँकेट तास-सव्वा तास चालवल्याइतकी, आणि तीही विजेशिवाय. पिशवी दोन-तृतीयांशच भरायची, वरची हवा दाबून काढायची, मग बूच लावायचं. उकळतं पाणी ओतायचं नाही, रबर लवकर तडकतं. जुन्या नऊवारीच्या कापडाची खोळ शिवली आहे, ती नसेल तर पिशवी अंगाला लावू नये. दोनेक वर्षांनी पिशवी बदलावी, वरून चांगली दिसत असली तरी.

पाणी कुठलं, तर बंबातलं. आमचा तांब्याचा बंब सासऱ्यांच्या आईच्या वेळचा. मधल्या नळीत जळण, भोवती पाणी. संध्याकाळी दिवेलागणीला पेटवला की जेवणं होईपर्यंत पाणी कढत होतं आणि निखारे आत असतील तोवर तसंच राहतं. त्यातून स्टीलचा मोठा थर्मास भरून ठेवते. रात्री दोनला पिशवी गार पडली तर चूल किंवा गॅस पेटवावा लागत नाही. बंब आमच्याकडे मागल्या पडवीत असतो, उघड्यावर. बंद न्हाणीत बंब पेटवू नका. गॅस गीझरवाल्यांनाही हेच सांगेन: लाईट गेल्यावर सेलवर तो चालतो हे खरं, पण गीझर न्हाणीच्या बाहेर बसवलेला हवा. बंद न्हाणीत गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचतो.

जळणाबद्दल एक. चंदगडकडे आणि आमच्या भागातही काजूची टरफलं मुबलक मिळतात आणि ती भडकून पेटतात. त्यांच्यातल्या तेलाने कातडी भाजते आणि धूर घशाला झोंबतो. दम्याचं माणूस असेल तर घराच्या आसपासही जाळू नयेत. आम्ही वाळलेली लाकडं, नारळाची सोडणं आणि शेणी वापरतो.

आता शेगडी. याच्यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण आमच्याकडे हा विषय नुसत्या थंडीचा नाही.

बाळंतिणीला शेक-शेगडी द्यायची पद्धत आपल्या सगळ्या घरांत आहे. बाजेखाली निखारे, त्यावर ओवा, थोडा धूप, दार-खिडकी लावून घेतलेली. खानापूरची मातीची भांडी प्रसिद्धच आहेत, तिथली मातीची शेगडी सासूबाईंनी खास आणवून ठेवली होती. वन्सं दवाखान्यातून बाळ घेऊन आल्या त्या आठवड्यात कडाक्याची थंडी होती आणि लाईटचा भरवसा नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "आमची सगळी बाळंतपणं शेगडीवरच झाली की. कुणाला काय झालं?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ती बाळंतपणं जुन्या घरात झाली. तिथे वर कौलं, कौलांच्या फटींतून धूर आणि वाईट हवा सतत बाहेर जायची. आता बाळंतिणीची खोली स्लॅबची आहे, खिडक्या ॲल्युमिनियमच्या, घट्ट लागणाऱ्या. लाल निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून ते निरुपद्रवी वाटतात, पण त्यांच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही.

मी दिवाळीतच कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागवला होता, आकडा दाखवणारा, सेलवर चालणारा. दोन हजारांच्या आसपास पडला. या सगळ्या यादीत एकच वस्तू घेता येणार असेल तर हीच घ्या. युरोपीय मानकाचे अलार्म ५० पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ५० भाग) तासा-दीड तासात वाजतात, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत. हा वायू हवेइतकाच हलका असल्याने अलार्म झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला ठेवला तरी चालतो.

सासूबाईंशी वाद घालायचा नव्हता. दुपारी वन्संना आणि बाळाला माजघरात बसवलं आणि रिकाम्या खोलीत शेगडी पेटवून, दार-खिडकी लावून अलार्म आत ठेवला. काचेतून आकडा दिसत होता. आधी शून्य, मग चाळीस, मग शंभरच्या पुढे, आणि थोड्या वेळाने तो इतका मोठ्याने वाजला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. सासूबाई खिडकीशी उभ्या राहून बघत होत्या. धूर नव्हताच. त्यांनी स्वतःच दार उघडून शेगडी अंगणात नेऊन ठेवली आणि वन्संना म्हणाल्या, "रात्री आत नको गं बाई."

शेक मात्र बंद केला नाही. दिवसा सोप्यात, दारं सताड उघडी ठेवून ओव्याची धुरी व्हायची, बाळ आतल्या खोलीत. रात्री पाठीला आणि पोटाला गरम पाण्याची पिशवी. बाळाच्या दुपट्यांत पिशवी आधी ठेवायची, दुपटी ऊबदार झाली की ती काढून मगच बाळाला निजवायचं. फार गारठा असला की वन्सं बाळाला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घेत, डोकं-तोंड मोकळं ठेवून. दवाखान्यातल्या नर्सताईंनी शिकवलं होतं ते. बाळाला त्यापेक्षा चांगली ऊब कुठल्या यंत्राने दिली नसती.

गॅसच्या रूम हीटरबद्दल बरेच जण विचारतात. माझ्या दिरांनी शहरातल्या फ्लॅटसाठी घेतला आहे, तो आम्ही चार दिवस आणून वापरला. खोली झटपट तापते, यात शंका नाही. पूर्ण ज्योतीवर तासाला सुमारे ३०० ग्रॅम गॅस खातो, म्हणजे पाच किलोचा छोटा सिलिंडर सोळा-सतरा तास. पण एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाण्याची वाफ खोलीत येते. भिंती ओलावल्या, सासूबाईंना दुसऱ्याच दिवशी खोकला लागला. खिडकी थोडी उघडी ठेवावीच लागते, मग निम्मी ऊब बाहेर जाते. ऑक्सिजन कमी झाल्यावर बंद होणारा असेल तर जेवणाच्या वेळी, सगळे जागे असताना तासभर ठीक. झोपताना आम्ही बंद करून सिलिंडरसकट बाहेर ठेवला. दम्याचं माणूस नसलेल्या घराने याचा विचार करायला हरकत नाही.

खोलीचंही थोडं बघावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना हिवाळ्यात घरात किमान १८ अंश असावेत म्हणते. आमच्या स्लॅबच्या खोलीत पहाटे १५-१६ भरायचे. दाराखाली जुन्या साड्यांची गुंडाळी लावली, फरशीवर चटई आणि वर वाकळ अंथरली, पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर सरकवला. एवढ्याने एखाद-दोन अंशांचाच फरक पडला, पण पाय ठेवताच झिणझिण्या आणणारी फरशी सुसह्य झाली. माजघर मात्र अजूनही सर्वात ऊबदार, कारण त्यावर लाकडी माळा आहे. म्हणून जानेवारीत सगळ्यांची अंथरुणं तिथेच पडली.

पांघरुणात घोंगडीला तोड नाही. रायबागकडच्या पाहुण्यांनी दख्खनी मेंढीच्या लोकरीची हातमागावरची घोंगडी आणून दिली. नवी असताना चिंचोक्याच्या खळीमुळे ताठ आणि टोचरी असते. आत सुती पातळ लावलं की टोचणं संपतं. तिच्यावर दुसरी रजाई लागत नाही.

आता आवराआवर. ब्लँकेट घडी न घालता सैल गुंडाळून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलं आहे, त्यावर काही ओझं नाही. घोंगडी दोन दिवस उन्हात टाकून कडुनिंबाचा पाला घालून बांधली. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरलं, कारण उन्हाळ्यातही लाईट जाणार आहेच. अलार्मचा सेन्सर पाच-सात वर्षांनी संपतो, त्याच्या पाठीवर बदलायचं वर्ष लिहिलेलं असतं. तुम्ही घ्याल तेव्हा ते आधी वाचून घ्या. आमचा अलार्म सध्या वन्सं सासरी घेऊन गेल्या आहेत, त्यांच्याकडेही स्लॅबचंच घर आहे. आम्हाला दुसरा मागवायचा आहे.