हाड आत्ता भरायचं, की नाकाबरोबर एकदमच?

ओठ, हिरडी आणि टाळू एका बाजूने दुभंगलेलं मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की डॉक्टर हिरडीच्या फटीत हाड भरायचं म्हणतात. घरात लगेच प्रश्न निघतो: पुढे नाकाचं ऑपरेशन करायचंच आहे, मग दोन्ही एकदमच का नको? एकच भूल, एकच खर्च. हिशेब पटण्यासारखा आहे, पण हाडाची वेळ दात ठरवतात आणि नाकाची वेळ वाढ.

हाड भरणं साधारण 8 ते 11 वर्षांत, सुळा हिरडीतून बाहेर यायच्या आधी. कमरेच्या हाडातला मऊ गर काढून फटीत भरतात आणि बहुधा नाकात उघडणारं भोकही त्याच वेळी बंद करतात. पाणी पिताना ते नाकात चढणं थांबतं. सुळ्याला उतरायला हाड मिळतं, मग तारा लावून तो ओळीत आणता येतो. सुळा येऊन गेल्यावरही ग्राफ्ट (म्हणजे हेच हाड भरणं) करतात, पण यशाची शक्यता घटते. उघड्या पडलेल्या मुळाला नवं हाड नीट धरत नाही. जबडा रुंद करायचा असेल तर ते काम ग्राफ्टच्या आधी काही महिने सुरू होतं, म्हणून ऑर्थोडॉन्टिस्टकडे (दात-जबडा ओळीत आणणाऱ्या डॉक्टरकडे) सातव्या-आठव्या वर्षीच जाऊन या. त्रास म्हणाल तर तोंडापेक्षा कंबर जास्त दुखते. काही दिवस मूल लंगडतं.

आता नाक. दुभंगाच्या बाजूची नाकपुडी मागे-खाली बसलेली असते, कारण तिच्याखाली हाडच नसतं. ग्राफ्टने तिथे आधार येतो, तळ थोडा उचलला जातो. थोडाच, आणि प्रत्येक मुलात सारखा नाही. भरलेलं हाडही काही प्रमाणात झिजतं. नाकाचा शेंडा, पसरट नाकपुडी, वाकडा पडदा हे कूर्चेचे (नाकातल्या लवचिक, मऊ हाडाचे) प्रश्न, ते ग्राफ्टने सुटत नाहीत. ‘हाड भरलं की नाक सरळ होईल’ असं मुलाला कुणी सांगू नये.

नाकाचं पक्कं ऑपरेशन चेहऱ्याची वाढ संपल्यावर: मुलींत साधारण 15-16, मुलांत 17-18. वरचा जबडा मागे राहिला असेल आणि तो पुढे आणायचा असेल, तर नाक त्याच्याही नंतर, कारण जबडा सरकला की नाकाचा तळही सरकतो. शाळेत फार चिडवत असतील तर मधल्या वयात छोटी दुरुस्ती करतात. मात्र वाढीबरोबर ती बिघडू शकते आणि जुने व्रण पुढच्या ऑपरेशनला आड येतात.

माझं मत सरळ आहे: हाड वेळेत, नाक उशिरा. हाडासाठी नाकाची वाट पाहिली तर सुळ्याची वेळ निघून जाते. नाकासाठी थांबल्याने तसं काही हातचं जात नाही. सर्जनला विचारायचं ते एवढंच: एक्स-रेमध्ये सुळ्याचं मूळ किती झालंय? अर्धं ते दोन-तृतीयांश झालं असेल, तर तारीख ठरवून टाका.

खर्चाची काळजी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ-टाळू येतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, आणि ‘हाड भरणं’ त्यात धरलंय का हे स्पष्ट विचारा.